काकूंच्या नावावर घेतलेलं फ्रेमवर्क

दर तीन वर्षांनी कुणीतरी माझ्यासमोर बसतं आणि सांगतं, की मी आजवर जे वापरत आले ते आता कुणी वापरत नाही. सांगणारा माणूस बदलतो, उत्साह तोच असतो. मला आता त्यावर वाद घालायचाही कंटाळा येतो. पंचवीस वर्षं झाली, मी वेबसाइट आणि लहानसहान संस्थांची सॉफ्टवेअरं करते. वारज्यातल्या फ्लॅटची बाल्कनी बंद करून तिथे दोन टेबलं टाकली आहेत. एकावर मी बसते, पन्नाशी ओलांडलेली. दुसऱ्यावर माझी सहकारी, तिशीतली, सहा वर्षांपासून माझ्याबरोबर असलेली आणि माझ्यापेक्षा हुशार. हे मी तिच्या तोंडावर फारसं बोलत नाही.

फ्रेमवर्क म्हणजे काय, हे मी एकदा माझ्या सासूबाईंना समजावायला गेले होते. म्हटलं, घर बांधताना आपण दारं-खिडक्या स्वतः घडवत बसतो का? तयार आणतो आणि बसवतो, तसंच हे. त्या म्हणाल्या, "मग तू दिवसभर करतेस काय?" तेव्हापासून मी कुणाला समजावत नाही. कुठलं फ्रेमवर्क घ्यायचं, जुनं सवयीचं की नवं, हा प्रश्न घराबाहेरच्या माणसाला तर अगदीच फालतू वाटतो. मलाही बऱ्याचदा वाटतो. पण गेल्या वर्षी त्या निवडीत एका बाईची खुर्ची अडकली होती, आणि ते फक्त मला माहीत होतं. निदान माझी समजूत तशी होती.

शनिवार पेठेत रुग्णसाहित्याचं एक केंद्र आहे. कुणाचा पाय मोडला, कुणी अंथरुणाला खिळलं, की तिथून वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवा भरायचा एअर बेड, असं काय लागेल ते महिना-दोन महिने वापरायला नेता येतं. काम झालं की पुसून परत आणायचं. 'पुसून' हा शब्द दारावरच्या पाटीवर दोनदा लिहिलाय. चालवणारी सगळी निवृत्त मंडळी. वेळ सकाळी दहा ते एक, संध्याकाळी चार ते सात. मधल्या तीन तासांत आजारी पडायचं नाही.

तिथल्या टेबलावर काकू बसायच्या. वय शहात्तर. सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून नोकरी केलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी परदेशात. अकरा वर्षांपूर्वी मी त्या केंद्राला नोंदींचं सॉफ्टवेअर करून दिलं, तेव्हा काकूंनी दोन दिवसांत ते हातात घेतलं. माऊसला त्यांनी कधी हात लावला नाही. नाव, मग टॅब, पत्ता, मग टॅब, फोन, मग टॅब. पुढे वस्तूंची यादी. ती मी त्यांच्याकडच्या कपाटांच्या क्रमानं लिहिली होती. खालच्या बाणाची कळ चार वेळा दाबली की वॉकर, नऊ वेळा दाबली की एअर बेड. मग एंटर. समोरचा माणूस पत्ता सांगून संपतो न संपतो तोच नोंद झालेली असायची. "टायपिस्टनं बोटांकडे बघायचं नसतं," असं त्या मला एकदा ऐकवून गेल्या, कारण मी बघते.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी मी प्रिंटर का रुसलाय ते बघायला गेले. काकू खडाखड नोंद करत होत्या आणि स्क्रीन काळा होता. मागची वायर निसटली होती. मी ती खोचली, तर त्या सकाळच्या पाच नोंदी दिसल्या, पाचही बिनचूक. मी विचारलं, "काकू, हा केव्हापासून बंद होता?"

त्या म्हणाल्या, "काय बंद होतं?"

नंतर त्यांच्या लक्षात आलं. दाराशी उभ्या असलेल्या बाईला त्यांनी शांतपणे पावती दिली, ती जाईपर्यंत थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मधोमध डाग आहे गं. दोन्ही डोळ्यांत. कडेकडेचं दिसतं. माणूस ओळखू येतो, अक्षर नाही येत. औषध नाही त्याला. इथे बोलू नकोस कुणाला. ही माणसं चांगली आहेत. चांगली आहेत म्हणूनच उद्या मला म्हणतील, काकू, खूप केलंत, आता आराम करा. आणि आराम कुठे करू? घरी चार भिंती आहेत, त्यांना माझं सगळं सांगून झालंय."

मी शब्द दिला. ती खुर्ची गेली असती तर काकूंना सकाळी दहाला घराबाहेर पडायला कारण उरलं नसतं. एवढंच होतं, आणि ते थोडं नव्हतं.

मग गेल्या वर्षी ते जुनं सॉफ्टवेअर नव्यानं लिहायची वेळ आली. मी वापरलेली आवृत्ती इतकी जुनी झाली होती, की ज्यांच्या सर्व्हरवर ते चालायचं त्यांनी तीन महिन्यांची मुदत देऊन हात वर केले. त्यातच केंद्राची दुसरी शाखा हडपसरला निघणार होती. म्हणजे दोन्हीकडे एकच नोंद दिसायला हवी, मोबाइलवर दिसायला हवी. रस्ते दोन होते. माझ्याच जुन्या फ्रेमवर्कची ताजी आवृत्ती घ्यायची आणि सगळं होतं तसं उतरवून काढायचं. नाहीतर सहकारी दोन वर्षं जे शिकत होती ते नवं फ्रेमवर्क घ्यायचं आणि पहिल्यापासून मांडायचं.

तिची बाजू भक्कम होती. मोबाइलवर छान चालेल. नेट गेलं तरी नोंद हातची जाणार नाही. "आणि मॅडम, जुन्यात काम करणारं माणूस पाच वर्षांनी मिळायचं नाही."

"पाच वर्षांनी मीही मिळायची नाही," मी म्हटलं.

"तेच तर म्हणतेय," ती म्हणाली.

तिनं दोन रविवार घालवून नव्यात एक नमुना केला आणि आम्ही तो केंद्रात दाखवायला नेला. सेक्रेटरी होते, गणिताचे निवृत्त प्राध्यापक. आणखी दोन विश्वस्त होते. काकू त्यांच्या खुर्चीत. नमुना देखणा होता, खोटं कशाला बोला. यादी नव्हतीच. त्याऐवजी वस्तूंची चित्रं यायची. दोन अक्षरं टाइप केली की नको ती चित्रं गळून जायची, हवं त्याच्यावर बोट ठेवायचं. विश्वस्त खूश झाले. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, रोज तुम्हीच वापरणार. बघा बरं एकदा करून."

काकूंनी मान किंचित तिरपी केली, कडेनं बघितलं. त्यांचे हात कीबोर्डवर गेले आणि तिथेच थांबले. टॅब दाबून जिथे जायला हवं होतं तिथे काही जात नव्हतं. "माझा चष्मा नाही आणलेला आज," त्या म्हणाल्या, "तूच दाखव गं." चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता. माझ्या सहकारीनं तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि पुढची दहा मिनिटं तिनंच नमुना चालवून दाखवला.

मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. म्हटलं, नमुना चांगला आहे, पण माझं मत जुन्याच्या बाजूनं आहे. कारण खरं सांगता येत नव्हतं, म्हणून खोटी सांगितली. सिक्युरिटीचं सांगितलं. अनेक वर्षं तावूनसुलाखून निघालंय म्हटलं. नवी फ्रेमवर्कं दर सहा महिन्यांनी बदलतात म्हटलं. सेक्रेटरींनी विचारलं, "म्हणजे जुनं खात्रीचं, असं लिहून घेऊ ना?" मी हो म्हटलं. काकू खाली बघत पावतीपुस्तकाची पानं सारखी करत होत्या.

परत येताना मी स्कूटर चालवत होते आणि सहकारी मागे बसली होती. कर्वेनगरच्या सिग्नलला ती म्हणाली, "मॅडम, खरं कारण काय आहे?"

"सांगितलं ना. सिक्युरिटी."

"त्यात सिक्युरिटीचा काय संबंध? नव्यात ती जास्तच चांगली आहे. तुम्हालाही माहितीये." सिग्नल सुटला, मी गाडी पुढे काढली. नंतरच्या आठवड्यातही तिनं दोन-तीनदा विचारलं, कधी चहा घेताना, कधी काम करताना मधेच. मी दर वेळी तेच ठोकून दिलं. शेवटी तिनं विचारणं सोडलं आणि मला हायसं वाटलं.

आता इथे एक कबूल करायला हवं. मी त्या दिवशी घरी गेले, पंखा लावून आडवी झाले, आणि मला बरं वाटत होतं. काकूंची खुर्ची वाचली म्हणून तर होतंच, पण तेवढ्यासाठीच नाही. मला नवं शिकायचं नव्हतं. या धंद्यात मी चार वेळा पाटी कोरी करून पहिल्यापासून गिरवलंय. पाचव्यांदा तिशीतल्या मुलीशेजारी बसून 'हे असं का गं?' विचारायची माझ्यात ताकद उरली नव्हती. इतका थकवा होता, की त्याला कारण मिळालं तर कुणाचंही चाललं असतं. काकूंचं मिळालं, ते मी घेतलं.

जुन्याच्या नव्या आवृत्तीत काम झरझर झालं. हात सरावलेला होता. टॅबला टॅब जुळवला, वस्तूंची यादी काकूंच्या क्रमानं लावली, प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला. एअर बेड नऊ. काकूंनी पहिल्या दिवशी दहा नोंदी केल्या आणि म्हणाल्या, "काहीच बदललं नाही की." माझ्यासाठी ती शाबासकी होती. एक गोष्ट तेवढी वाढवली होती. यादीत नवी वस्तू घालायची तर आता मला फोन करायला नको, सेक्रेटरी स्वतः घालू शकतील. ही सोय त्या फ्रेमवर्कमध्ये तयारच मिळते. मी ती पन्नास ठिकाणी वापरली असेल, म्हणून इथे नीट उघडून बघितलीसुद्धा नाही.

हडपसरची शाखा सुरू झाली. तिकडे बसायची गोल उशी हवी होती, ती सेक्रेटरींनी मोठ्या हौसेनं यादीत घातली. त्यांनी क्रमांक दिला नाही. मी मागितलाच नव्हता. बिनक्रमांकाची वस्तू यादीत सगळ्यात वर जाऊन बसली आणि खालच्या सगळ्या एकेक घर खाली सरकल्या. बघणाऱ्या माणसाला कळलंही नसतं. काकू मात्र मोजायच्या. नऊ वेळा बाण दाबला की आता एअर बेडच्या ऐवजी त्याच्या आधीची व्हीलचेअर निवडली जात होती. सामान काढून देणाऱ्या मावशी कपाटातून बरोबर वस्तू देत होत्या, काकू सवयीनं हातानं लिहायच्या ती पावतीही बरोबर असायची. चुकत होती ती नोंद.

आठ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. नवव्या दिवशी हडपसरहून एक बाई आली. तिच्या सासऱ्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. हडपसर शाखेतल्या माणसानं मोबाइलवर बघून सांगितलं होतं, की पेठेत दोन एअर बेड आहेत, जाऊन घेऊन या. दोन बस बदलून ती आली. मी त्या दिवशी योगायोगानं तिथेच होते. मावशी कपाटाशी जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "बेड कवाच गेलं की. एक बी नाय." बाईनं मोबाइल पुढे केला. त्यावर स्पष्ट दिसत होतं, शिल्लक दोन. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती बाकावर बसली आणि म्हणाली, "मग आता मी काय करू, ते तरी सांगा." मी इकडे तिकडे फोन केले. दुसऱ्या एका ठिकाणी बेड मिळाला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी. ती तशीच रिकाम्या हातानं गेली.

सेक्रेटरींनी लगेच आठ दिवसांच्या नोंदी काढून पावत्यांशी ताडून बघितल्या. गणिताचा माणूस, त्यांना पाच मिनिटं पुरली. "आठ दिवसांतल्या इथल्या सगळ्या नोंदी चुकल्यात, प्रत्येक एकेका घरानं. हे कसं काय?"

काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, "माझ्या सॉफ्टवेअरची चूक आहे. यादीचा क्रम हलला."

"क्रम हलला हे दिसतंय. पण यादीत नाव लिहिलेलं असतं ना? निवडताना ते कुणी वाचत नाही का?"

"स्क्रीनवर वेगळं दिसत होतं," मी ठोकून दिलं.

"जुनं खात्रीचं, असं मी तुम्हाला विचारूनच लिहून घेतलं होतं," ते म्हणाले. आवाज चढला नाही. त्यानं जास्त लागलं.

एक वाजला, केंद्र बंद झालं, सगळे जेवायला गेले. काकू उठल्या नाहीत. मी समोर बसले.

"ती बाई किती वर्षांची होती गं?" त्यांनी विचारलं. "मला तोंड नाही नीट दिसलं तिचं."

"असेल चाळिशीची."

"हं." मग म्हणाल्या, "एक विचारू? मी या खुर्चीत नसते तर तू कुठलं घेतलं असतंस? जुनं की त्या मुलीचं?"

खोटं बोलायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मी म्हटलं, "जुनंच."

"वाटलंच मला," काकू म्हणाल्या. "तुझ्या आवाजात त्या दिवशी माझी काळजी नव्हती. दमलेलं माणूस कसं बोलतं ते मला ऐकू येतं. आता तेवढंच तर येतं." रागावल्या नव्हत्या. पदरानं त्यांनी टेबल पुसलं, उगाचच. "ती मुलगी नमुना घेऊन आली ना, त्या दिवशी मी ठरवून आले होते. म्हटलं, यांनी नवं घेतलं तर इथेच सगळ्यांसमोर सांगायचं, मला दिसत नाही, माझ्यासाठी काय करता येतं ते बघा. चष्म्याचं खोटं बोलले, पण तेवढ्यात धीर करत होते. तर तूच जुनं म्हणालीस. मला वाटलं, चला, सुटले. तू मला सोडवलंस आणि मी सुटले. आणि आज त्या बाईनं दोन बस बदलल्या."

मी त्यांना समजवायला गेले, की चूक दुरुस्त होते, क्रमांक सक्तीचा केला की झालं, दहा मिनिटांचं काम आहे. त्यांनी हातानं थांबवलं. "तू करशील गं. पण पुढच्या वेळी काय हलेल ते तुलाही नाही कळणार आणि मलाही नाही."

चार वाजता केंद्र उघडलं तेव्हा त्यांनी सेक्रेटरींना बाजूला बोलावून स्वतःच सांगितलं. मी ऐकलं नाही, बाहेर पायरीवर उभी होते. पंधरा दिवसांनी केंद्रातच छोटा निरोपसमारंभ झाला. शाल दिली, नारळ दिला. सेक्रेटरी, जे एरवी हिशोबापलीकडे बोलत नाहीत, ते चार वाक्यं काकूंबद्दल बोलले आणि मधेच अडकले. काकूंनी उत्तराचं भाषण केलं नाही. घरी जाताना मावशींनी त्यांचा हात धरला तर म्हणाल्या, "रस्ता दिसतो मला." त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी लगेच माऊस मागितला.

समारंभाला माझी सहकारीही आली होती. बाहेर गाडीपाशी आम्ही उभ्या होतो. तिनं विचारलं, "त्यांना किती दिसतं नक्की?"

"तुला माहीत होतं?"

"नमुन्याच्या दिवशीच कळलं. चष्मा गळ्यात होता." तिनं हेल्मेट उचललं. "मॅडम, त्यांच्यासाठी फॉर्म बोलता करता आला असता. प्रत्येक रकान्यात गेलं की त्याचं नाव मराठीत वाचून दाखवायचं, वस्तू निवडली की तिचं नाव. एअर बेड म्हणायचं ते व्हीलचेअर म्हणालं असतं, तर त्यांनी तिथेच पकडलं असतं. दोन दिवसांचं काम होतं."

"तुझ्या नव्यात."

"कशातही. तुमच्या जुन्यातसुद्धा. त्याचा फ्रेमवर्कशी काही संबंधच नाही."

मला एकदम तिचाच राग आला. मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"त्यांची गोष्ट होती, मी कशी उघड करणार? तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली," ती म्हणाली. "चार वेळा विचारलं मी, खरं कारण काय. चारही वेळा तुम्ही सिक्युरिटी म्हणालात."